मेंढरांच्या छोट्या कळपाला मेंढा कोणता घ्यावा? दख्खनी, मडग्याळ की नारी सुवर्णा, वाचा सविस्तर

भांडगाव (ता. दौंड) : मृगाच्या सरी पडून माळाला हिरवं फुटलं, की मेंढ्या माजावर येऊ लागतात. दिवाळीनंतर व्यायची कोकरं कशी असणार, हे याच दिवसांत ठरतं. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गाच्या वर कालव्याचा ऊसपट्टा आणि खाली खोर, देऊळगाव गाडा, पडवीकडचा कोरडा माळ. भीमा ओलांडली की शिरूर तालुक्यातही तीच तऱ्हा, नदीकाठी ऊस आणि कान्हूर मेसाई, पाबळकडे जिराईत रान. या दोन्ही तालुक्यांत पाच-पन्नास मेंढरं सांभाळून घर चालवणारी कुटुंबं बरीच आहेत. कुणी वर्षभर गावातच चारतो, कुणी दिवाळीनंतर वाडा घेऊन बाहेर पडतो.

या कुटुंबांपुढं दर दोन वर्षांनी एकच प्रश्न येतो. नवा मेंढा कोणत्या जातीचा घ्यायचा? बाजारात कुणी उंच मडग्याळ दाखवतो, कुणी जुळी देणारी नारी सुवर्णा घ्या म्हणतो, तर घरातली जुनी माणसं आपला काळा दख्खनीच बरा म्हणतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं आहे. पण चुकीचा मेंढा कळपात शिरला तर ती चूक दिसेपर्यंत दोन वर्षं निघून जातात आणि तोवर त्याच्या मुली कळपात मोठ्या झालेल्या असतात. म्हणून मेंढा घेण्याआधी हे वाचा.

मेंढा म्हणजे अर्धा कळप

वीस मेंढ्यांच्या कळपात एक मेंढी खराब निघाली तर तिचं एक कोकरू खराब होतं. मेंढा खराब निघाला तर सगळी वीस कोकरं त्याची असतात. प्रत्येक कोकराला निम्मे गुण आईकडून आणि निम्मे बापाकडून येतात आणि कळपातल्या सगळ्या कोकरांचा बाप एकच असतो. छोट्या कळपात सुधारणा करायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे मेंढा. वीस मेंढ्या बदलण्यापेक्षा एक मेंढा बदलणं कुणालाही परवडतं.

नेमकी इथंच अनेक कळपांत उलटी गोष्ट घडते. बकरी ईदच्या आधी किंवा पैशाची नड निघाली की व्यापारी वाड्यावर येतो आणि सगळ्यात भरलेली, जोमानं वाढलेली नर कोकरं उचलून नेतो. मागं राहतं ते किरकोळ. त्यातलंच एखादं पुढं मोठं होतं आणि कळपाचा मेंढा बनतं. म्हणजे चांगलं रक्त दरवर्षी बाहेर जातं आणि हलकं रक्त कळपात राहतं. चार-पाच पिढ्या असंच चाललं, की "आमच्या मेंढ्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत" असं म्हणायची वेळ येते. तोटा जातीमुळं झालेला नसतो, निवड उलटी झाल्यामुळं झालेला असतो. त्यामुळं मेंढा विकत घ्या किंवा घरचा ठेवा, व्यापारी यायच्या आधी निवड करा. सगळ्यात चांगल्या कोकराला खूण करून ठेवा आणि ते विकू नका.

आधी ठरवा : कळप कशावर चालतो?

जात निवडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं घरात बसून काढा.

१. उत्पन्न कशाचं आहे? तीन-चार महिन्यांची कोकरं विकून, की मेंढ्या वाढवून कळप मोठा करून, की शेतात मेंढरं बसवून मिळणाऱ्या धान्य-पैशातून?

२. मेंढरं किती चालतात? गावच्या माळावर सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणता, की वाडा घेऊन महिनोन् महिने फिरता?

३. व्यायलेल्या मेंढीला घरचं खाद्य घालता येतं का? मका, पेंड, वाळलेला चारा, कडबा, यातलं काय आणि किती?

या तीन उत्तरांवरून जात ठरते. शेजाऱ्याच्या कळपात जो मेंढा लागू पडला तो तुमच्याकडं लागू पडेलच असं नाही.

दख्खनी : खर्च कमी, खात्री जास्त

दख्खनी ही आपल्या पठाराची जात. बहुतेक काळी, काही काळी-पांढरी किंवा तपकिरी ठिपक्यांची. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी किंवा सांगोला आणि कोल्हापुरी हे तिचे माहितीतले उपप्रकार. दौंडच्या दक्षिण भागात लोणंदकडचं रक्त दिसतं, तर शिरूरमधून पारनेर-संगमनेरकडचे वाडे जात असल्यानं तिकडं संगमनेरी वळणाची मेंढरं पाहायला मिळतात.

वजनाला ही जात मध्यम. मेंढी साधारण २८ ते ३२ किलो आणि चांगला मेंढा ३५ ते ४० किलोच्या आसपास भरतो. एका वेताला एकच कोकरू, जुळी क्वचित. पण उन्हात, थंडीत, काटेरी रानात, पाण्याच्या टंचाईत टिकण्याची तिची ताकद मोठी. कमी खाऊनही ती कोकरू जगवते. अंगावरची जाड लोकर पाऊस आणि थंडी सोसते.

या लोकरीनं एकेकाळी घोंगडी विणणाऱ्या सनगरांना आणि मेंढपाळांना दोघांनाही पैसा दिला. आता लोकर जाडीभरडी म्हणून उठाव कमी आहे आणि कातरणीची मजुरीही अनेकदा सुटत नाही. त्यामुळं लोकर बघून मेंढा निवडायचे दिवस राहिले नाहीत. वजन, चाल आणि आईचं दूध बघूनच निवड करायची.

कुणी घ्यावा : जे वाडा घेऊन फिरतात, घरचं खाद्य घालू शकत नाहीत आणि मर कमी ठेवणं हाच ज्यांचा खरा नफा आहे. त्यांच्यासाठी दुसऱ्या जातीच्या मागं लागण्यापेक्षा दुसऱ्या चांगल्या वाड्यावरचा निवडक दख्खनी मेंढा आणणं जास्त फायद्याचं. दख्खनीतही फरक असतो. एकाच वयाच्या दोन दख्खनी मेंढ्यांत पाच-सात किलोचं अंतर सहज निघतं.

मडग्याळ : वजन पहिल्याच वेताला

मडग्याळ हे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं गाव. तिथल्या मेंढ्यांना गावाचंच नाव पडलं. उंच पाय, लांब अंग, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं नाक, ही तिची ओळख. अंगावर लोकर कमी, केस आखूड. दख्खनीपेक्षा मोठी आणि जन्माला येणारं कोकरूही वजनदार. एका वेताला एकच कोकरू, पण ते झपाट्यानं वाढतं.

दख्खनी मेंढ्यांवर मडग्याळ मेंढा घातला तर फायदा पहिल्याच वेताला दिसतो. कोकरं उंच निघतात, तीन-चार महिन्यांत वजन जास्त भरतं आणि व्यापारीही नाक-उंची बघून हात सैल सोडतो. कोकरं विकूनच घर चालवणाऱ्याला हा मेंढा सोयीचा.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, पहिलटकर आणि अंगानं लहान मेंढ्यांना भारी मडग्याळ मेंढा लावू नका. कोकरू मोठं झाल्यानं अडणूक होऊ शकते. अशा मेंढ्यांना दख्खनी मेंढाच ठेवावा.

दुसरी, मडग्याळ संकराच्या मुली कळपात ठेवल्या तर त्या मोठ्या होतात आणि खातातही जास्त. जत हाही दुष्काळी भाग असल्यानं ही जात चालायला कमी नाही, पण मोठ्या अंगाला चारा मोठाच लागतो. ज्या माळावर वीस दख्खनी निभावतात तिथं वीस मोठ्या संकरित मेंढ्या निभावतीलच असं नाही.

तिसरी, हौस आणि धंदा वेगळा ठेवा. आटपाडीतल्या एका मडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी २०२० मध्ये राज्यभर गाजली. त्यानंतर नाकाचा बाक आणि कानाची लांबी बघून किमती सांगणारे वाढले. तो हौशी लोकांचा बाजार आहे. कळपाच्या मेंढ्याला नाकाचे पैसे देऊ नका. त्याचं वजन, पाय, वृषण आणि आई यांचे पैसे द्या.

नारी सुवर्णा : जुळ्यांची जात, पण थांबावं लागतं

सगळ्यात जास्त गैरसमज याच जातीबद्दल आहेत, म्हणून जरा सविस्तर.

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नारी' म्हणतात. दख्खनी मेंढीला एकच कोकरू होतं आणि तेवढ्यावर मेंढपाळाचं भागत नाही, हे बघून संस्थेनं १९९० च्या दशकात बंगालमधली गारोळ मेंढी आणली. सुंदरबनातली ही मेंढी अंगानं अगदी लहान, जेमतेम १२ ते १५ किलोची, पण जुळी-तिळी देणारी. तिच्या रक्तात 'फेक-बी' नावाचं जनुक आहे, ज्यामुळं मेंढीच्या माजाच्या वेळी एकापेक्षा जास्त बीजं सुटतात.

या जनुकाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८ व्या शतकाच्या शेवटी बंगालमधून मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढं तिथल्या बुरुला नावाच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी होऊ लागली. २००१ मध्ये शास्त्रज्ञांना हे जनुक नेमकं सापडलं आणि बुरुलात व गारोळमध्ये तेच असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्याच देशातल्या मेंढीचा गुण ऑस्ट्रेलियात जाऊन नावारूपाला आला.

गारोळ फार लहान आणि दूधही कमी, म्हणून नुसता संकर करून चालणार नव्हतं. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेनं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं काम केलं. पिढ्यान् पिढ्या दख्खनीशी उलट संकर करत आणि रक्त तपासत जनुक ठेवलं, अंग मात्र मोठ्या मेंढीचं आणलं. तीच नारी सुवर्णा. तिच्या दहा वेतांत दहाच्या जागी साधारण १४ ते १६ कोकरं होतात.

आता गैरसमज. नारी सुवर्णा मेंढा आणला म्हणून तुमच्या दख्खनी मेंढ्यांना जुळी होत नाहीत. जुळं होणं हे मेंढीच्या किती बीजांडांवर अवलंबून असतं, मेंढ्यावर नाही. मेंढा फक्त जनुक देतो. ते त्याच्या मुलींत उतरतं आणि त्या मुली व्यायला लागल्या की जुळी दिसू लागतात. जूनमध्ये मेंढा लावला तर नोव्हेंबरात मुली जन्मतात, पुढं सव्वा वर्षाच्या झाल्यावर फळतात आणि मेंढा आणल्यापासून सुमारे दोन वर्षांनी पहिली जुळी हाताला लागतात. पहिल्या वेताला जुळी झाली नाहीत म्हणून मेंढा विकून टाकला, तर नेमकं फळ यायच्या आधी झाड तोडल्यासारखं होतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट प्रतींची. मेंढ्याच्या रक्तात या जनुकाच्या दोन प्रती असतील तर त्याच्या सगळ्या मुलींत ते उतरतं. एकच प्रत असेल तर साधारण निम्म्याच मुलींत. दोन्ही मेंढे दिसायला सारखेच असतात, फरक फक्त रक्ततपासणीत कळतो. म्हणून "सुवर्णा आहे" या तोंडी शब्दावर मेंढा घेऊ नका. तपासणीचा कागद मागा आणि त्यावर प्रती किती हे बघा. कागद नसेल तर तो मेंढा तुमच्यासाठी साधा दख्खनीच समजा आणि किंमतही तशीच करा.

कुणी घ्यावा : जे मादी कोकरं विकत नाहीत, कळपात ठेवतात. गावातच चारतात. जुळं व्यायलेल्या मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्यायल्यावर दोन महिने रोज २०० ते ३०० ग्रॅम मका-पेंड घालू शकतात.

कुणी घेऊ नये : जे मोठा पल्ला चालत फिरतात. फिरत्या वाड्यावर एक ओलं कोकरू खांद्यावर किंवा घोड्यावर घेता येतं, पण रोज तीन-चार मेंढ्यांना जुळी होऊ लागली तर बाईमाणसाचे हात पुरत नाहीत. दूध कमी पडलं की जुळ्यातलं एक मरतं आणि दुसरंही हलकं राहतं. मग जुळ्याचा फायदा कागदावरच उरतो.

वीस मेंढ्यांचा हिशेब

गोष्ट सोपी व्हावी म्हणून एक उदाहरण. समजा कळपात २० दख्खनी मेंढ्या आहेत आणि एका फेरीत १८ कोकरं जगतात. त्यात ९ नर, ९ मादी. दर फेरीला ५ मादी कोकरं कळपात ठेवायची आणि तेवढ्याच म्हाताऱ्या मेंढ्या काढायच्या.

निवडक दख्खनी मेंढा : १८ कोकरं, खर्च कमी, मर कमी. कोकरू एक किलोनं जरी सुधारलं तरी १८ किलो जास्त.

मडग्याळ मेंढा : १८ कोकरं. प्रत्येक कोकरू २ किलोनं जास्त भरलं तर पहिल्याच फेरीत ३६ किलो जास्त. हा फायदा दर फेरीला.

नारी सुवर्णा मेंढा (दोन प्रतींचा) : पहिल्या दोन फेऱ्यांत कोकरं तेवढीच, १८. जास्तीचा फायदा शून्य. मात्र दोन फेऱ्यांतल्या १० मुली कळपात ठेवल्या आणि त्या व्यायला लागल्या, की दहा मेंढ्यांमागं ४ ते ६ कोकरं जास्त होतात. त्यातली चार जगली आणि जुळी असल्यानं १० किलोच भरली, तरी ४० किलो जास्त. मेंढा एकाच प्रतीचा असेल तर हा आकडा निम्म्यावर येतो. ९ च्या ९ मादी कोकरं विकून टाकली तर फायदा कधीच मिळत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला या वर्षी पैसा लागणार आहे आणि जो सगळी कोकरं विकतो, त्याला मडग्याळ. जो तीन-चार वर्षांचा विचार करू शकतो आणि मेंढ्यांना खाऊ घालू शकतो, त्याला सुवर्णा. ज्याच्याकडं दोन्ही नाही, त्याला निवडक दख्खनी. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या कळपाचे आकडे घालून हिशेब करा, तासाभराचं काम आहे.

परदेशी जातींचं काय?

मोबाईलवर डॉर्परचे व्हिडिओ बरेच फिरतात. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ही मांसाची जात आहे, वाढ जोरात आहे. पण तिची किंमत जास्त असते आणि तिचं खरं वजन चांगल्या खाद्यावर दिसतं. माळावर चारणाऱ्या वीस मेंढ्यांच्या कळपाला तो खर्च भरून निघणं अवघड. शिवाय बाजारात 'डॉर्पर संकर' म्हणून काय विकलं जातं याचा पुरावा क्वचितच असतो.

आधीचा धडाही विसरू नये. लोकर सुधारावी म्हणून दख्खनीवर मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींचा संकर सरकारी पातळीवर करून झाला. लोकर थोडी मऊ झाली, पण चालणाऱ्या, ऊन-पाऊस सोसणाऱ्या कळपांत ते रक्त रुजलं नाही. बाहेरची जात चांगली की वाईट, यापेक्षा ती आपल्या रानात आणि आपल्या चाऱ्यावर टिकते का, हे आधी बघायचं.

मेंढा बघायला जाल तेव्हा

जात ठरली तरी त्या जातीतला मेंढा चांगला हवा. यवत, लोणंद, सांगोल्याच्या बाजारात मेंढे मिळतात, पण बाजारात मेंढ्याची आई दिसत नाही. शक्य असेल तर वाड्यावर किंवा फार्मवर जाऊन घ्या. तिथं पुढच्या गोष्टी बघा :

- आई : तिची कास, दूध आणि तिनं आजवर किती कोकरं जगवली हे विचारा. मेंढ्याच्या मुली आजीवर जातात.
- दात : दोन दाती म्हणजे साधारण एक ते दीड वर्ष, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. दोन किंवा चार दाती मेंढा घ्यावा. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत. जबडा पुढं-मागं असेल तर तो नीट चरत नाही आणि तो दोष कोकरांतही उतरू शकतो.
- वृषण : दोन्ही खाली उतरलेले, सारख्या आकाराचे, हाताला घट्ट आणि गाठ नसलेले. एकच वृषण असलेला मेंढा कितीही देखणा असला तरी घेऊ नका. ही तपासणी लाजेनं टाळली जाते आणि मग वर्ष वाया जातं.
- पाय आणि खुर : मोकळ्या जागेत चालवून बघा. मागचे पाय सरळ हवेत. लंगडा मेंढा मेंढीवर चढत नाही.
- अंग : छाती रुंद, पाठ सरळ, डोळे स्वच्छ. बाजारासाठी फुगवलेला, हालचाल जड झालेला मेंढा टाळा.
- वजन : अंदाजावर जाऊ नका, काट्यावर घाला. सोबत त्याच वयाचे दुसरे मेंढे असतील तर त्यांच्याशी तुलना करा.

सुईणीसारखं हात लावून बघणारा एखादा जाणता मेंढपाळ सोबत न्या. पशुवैद्यकीय डॉक्टर तपासून देत असतील तर उत्तमच. गर्भपात करणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची रक्ततपासणी झालेली असेल तर आणखी चांगलं. हा रोग माणसालाही होतो.

आणल्यानंतर

नवा मेंढा थेट कळपात सोडू नका. १५ ते २१ दिवस वेगळा बांधा, जंताचं औषध पाजा, आंत्रविषार, पीपीआर, देवी यांच्या लसी झाल्यात का ते डॉक्टरांना विचारून घ्या. एका मेंढ्यानं आणलेला रोग सगळ्या वाघरीत पसरतो.

मेंढ्याचं बीज तयार व्हायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे जूनमध्ये मेंढा लावायचा तर एप्रिल-मेपासूनच त्याला रोज थोडं धान्य आणि सावली द्यायला हवी. उन्हाळ्यात उपाशी आणि उन्हात राहिलेला, किंवा नुकताच नीलजिव्हेच्या तापातून उठलेला मेंढा चढला तरी मेंढ्या फळत नाहीत.

एका तयार मेंढ्याला २५ ते ३० मेंढ्या पुरे, दोन दातीला १५ ते २०. मेंढी दर १७ दिवसांनी माजावर येते. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेली काव किंवा गेरू लावा. ज्या मेंढीच्या पाठीवर रंग दिसेल ती लागली. १७ दिवसांनी रंग बदला. त्याच मेंढ्यांवर पुन्हा नवा रंग दिसू लागला तर मेंढ्यात दोष आहे, असं समजून लगेच दुसरा मेंढा बघा. ही युक्ती फुकट आहे आणि हंगाम वाचवते.

मेंढा कधी बदलायचा?

दोन वर्षांनी. त्याच्या मुली माजावर यायच्या आत तो कळपातून गेला पाहिजे. बापानं मुलीला लावलं तर कोकरं खुजी, अशक्त निघतात आणि मर वाढते. छोट्या कळपात हा धोका सगळ्यात जास्त, कारण मेंढा एकच असतो. चांगला मेंढा खाटकाला न देता दुसऱ्या गावच्या पाहुण्याशी अदलाबदल करा, दोघांचाही खर्च वाचतो. घरची नर कोकरंही चार महिन्यांच्या आत विका किंवा वेगळी करा. पाच-सहा महिन्यांची झाली की ती आई-बहिणीवर चढतात आणि तुम्ही आणलेल्या मेंढ्याचे पैसे वाया जातात.

सुवर्णाच्या मुली असलेल्या कळपात पुन्हा दोन प्रतींचा मेंढा घातला तर निम्म्या नातींत दोन प्रती उतरतात आणि तिळी व्हायची शक्यता वाढते. दोन आचळांवर तीन कोकरं जगवणं छोट्या कळपाला झेपत नाही. अशा वेळी पुढचा मेंढा जनुक नसलेला, चांगल्या दुधाच्या आईचा दख्खनी घेणं बरं.

सरकारी मदत कुठे?

मेंढ्यांसाठी राज्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. त्याचं मुख्य कार्यालय पुण्यात गोखलेनगरला आहे. महूद (ता. सांगोला), दहिवडी (जि. सातारा) आणि रांजणी (जि. सांगली) इथं महामंडळाचे फार्म आहेत. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भज-क प्रवर्गातल्या मेंढपाळांना २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. ज्यांच्याकडं मेंढ्या आहेत त्यांच्यासाठी सुधारित मेंढ्याचाही भाग योजनेत आहे. अर्जाच्या तारखा आणि अटी बदलतात, त्यामुळं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. दख्खनी मेंढीवर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही काम चालतं.

अनुदानात मिळणारा मेंढाही वर सांगितल्याप्रमाणं दात, पाय, वृषण बघूनच घ्या. फुकट किंवा स्वस्त मिळाला म्हणून खराब मेंढा कळपात सोडला, तर तो सगळ्यात महाग पडतो.

थोडक्यात

- फिरता वाडा, घरचं खाद्य नाही : निवडक दख्खनी, दुसऱ्या वाड्यावरचा.
- कोकरं विकणं हाच धंदा, मेंढ्या अंगानं चांगल्या : मडग्याळ. पहिलटकरांना मात्र दख्खनी.
- गावात चराई, खाद्य घालायची तयारी, मादी कोकरं ठेवणार : नारी सुवर्णा, रक्ततपासणीच्या कागदासह.
- जात कोणतीही असो, आई बघा, वृषण तपासा, काट्यावर वजन करा.
- दोन वर्षांनी मेंढा बदला.
- सगळ्यात चांगलं कोकरू व्यापाऱ्याच्या गाडीत चढायच्या आधी त्याला खूण करा.